धागा : शालेय शिक्षणाची मागणी सभागृहात येते तेव्हा आमदाराच्या हाती नेमका कोणता प्रश्न द्यावा?

पर्वरी_पायवाट (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:१०

अधिवेशन जवळ आले की पालक-शिक्षक संघ निवेदने घेऊन आमदारांकडे जातात. छप्पर गळते, गणिताला शिक्षक नाही, बालरथाच्या (शाळेच्या बसच्या) चालकाचे मानधन थकले. आमदार सभागृहात बोलतात, मंत्री लक्ष घालू म्हणतात, संध्याकाळी मागणी, म्हणजे खात्याच्या वर्षाच्या खर्चाला सभागृहाची मंजुरी मागणारा प्रस्ताव, मंजूर होते. पुढच्या पावसाळ्यात तेच निवेदन, फक्त तारीख बदललेली. माझ्या मते दोष आमदारांच्या तळमळीत नाही, प्रश्नाच्या घडणीत आहे. गोलमटोल प्रश्नाला गोलमटोल उत्तर मिळते. म्हणून हा धागा काढला. ज्यांना अंदाजपत्रक, लेखे, नियम, समित्या यांची माहिती आहे त्यांनी इथे नेमके लिहावे.

सुरुवात वेळापत्रकापासून करतो, कारण तिथेच बरेच जण चुकतात. २०२३, २०२४, २०२५ या तिन्ही वर्षी गोव्यात अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले गेले, काही महिन्यांपुरते लेखानुदान (खर्चाची आगाऊ मंजुरी) घेतले आणि खात्यांच्या मागण्यांवर खरी चर्चा जुलै-ऑगस्टमध्ये झाली. म्हणजे शालेय शिक्षणावर आमदार बोलायला उभे राहतात तेव्हा आर्थिक वर्षाचे चार महिने उलटलेले असतात आणि त्या चार महिन्यांचा खर्च लेखानुदानातून होत असतो. अशा वेळी 'यंदा किती तरतूद केली?' हा प्रश्न वाया जातो, कारण तो आकडा छापलेल्या पुस्तकात आहेच. जुलैमध्ये दोनच गोष्टी विचारण्याजोग्या असतात. पहिली, ३१ मार्चला संपलेल्या वर्षात प्रत्यक्षात काय खर्च झाले. दुसरी, चालू वर्षात ३० जूनपर्यंत काय वितरित झाले. या दोन्ही तारखांचे आकडे खात्याकडे तयार असतात, ते गोळा करण्याच्या नावाखाली उत्तर लांबवता येत नाही.

अजून एक ध्यानात ठेवा. सध्या वित्त आणि शिक्षण ही दोन्ही खाती मुख्यमंत्र्यांकडेच आहेत. एरवी शिक्षणमंत्री वित्त खात्याकडे बोट दाखवू शकतात. इथे फाइल कोणत्या खात्यात अडली याचे उत्तर एकाच व्यक्तीने द्यायचे असते. प्रश्न तसा घडवावा.

लेखाशीर्ष · सोमवार, रात्री १०:३२

वेळापत्रकाबद्दल सहमत. आता पैसा पुस्तकात कुठे बसतो ते पाहू.

गोव्याच्या अंदाजपत्रकात शालेय शिक्षणाची मागणी क्रमांक ३४. तिच्यात खर्च क्रमांकांच्या सदरांत, म्हणजे शीर्षांत, विभागलेला असतो. सर्वांत मोठे मुख्य शीर्ष २२०२, म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, महसुली (वेतन, अनुदान असा चालू) खर्च. ४२०२ हे भांडवली, म्हणजे इमारती वगैरे. २२०२ च्या पोटात ०१ म्हणजे प्राथमिक आणि ०२ म्हणजे माध्यमिक. त्याखाली तीन अंकी लघु शीर्षे येतात. २२०२-०१-१०१ सरकारी प्राथमिक शाळा, २२०२-०१-१०२ अशासकीय प्राथमिक शाळांना साहाय्य, २२०२-०२-१०९ सरकारी माध्यमिक शाळा, २२०२-०२-११० अशासकीय माध्यमिक शाळांना साहाय्य. लघु शीर्षाच्याही खाली उपशीर्ष, तपशील शीर्ष आणि शेवटी खर्चाचा प्रकार, म्हणजे वेतन, अनुदान, बांधकाम इत्यादी. सहा पातळ्या, मिळून पंधरा अंक.

गोव्यात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार अनुदानित हायस्कुलांवर आहे, त्यामुळे ११० हे शीर्ष वाचल्याशिवाय राज्याचे शैक्षणिक धोरण कळत नाही. त्यातला बहुतांश पैसा वेतनाचा. वेतनाला हात लावता येत नाही, म्हणून जेव्हा कधी हात आखडायची वेळ येते तेव्हा देखभाल अनुदान, प्रयोगशाळा, बालरथ या किरकोळ वाटणाऱ्या रकमा आधी लांबतात. एकूण तरतूद वाढलेली दिसते आणि शाळा मात्र खडूसाठी पालकांकडे हात पसरते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणून एकूण आकड्यावर भाषण नको, वेतन वगळून उरलेल्या रकमेवर प्रश्न हवा.

गळक्या छपराचे उदाहरण घ्या. नवीन इमारत ४२०२ मध्ये सापडेल. दुरुस्ती तिथे सापडणार नाही, कारण दुरुस्ती महसुली खर्चात जाते. तोही २२०२ मध्येच असेल असे नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याकडून (साबांखा) होणारी सरकारी इमारतींची डागडुजी २०५९ या शीर्षाखाली असते आणि ती मागणी क्रमांक २१ मध्ये येते. शिक्षणाच्या मागणीच्या दिवशी छपराचा प्रश्न केला की 'हे काम साबांखाकडे आहे' असे उत्तर येते, आणि साबांखाच्या मागणीचा दिवस आधीच होऊन गेलेला असतो. प्रश्न दोन्ही दिवसांसाठी वेगवेगळा द्यावा लागतो.

वाळपई_पालक · मंगळवार, सकाळी ७:४५

एक साधी शंका. आमदार सरळ 'या शीर्षात दोन कोटी वाढवा' असा ठराव आणून मतदान घेऊ शकत नाहीत का? लोकांना तसेच वाटते.

लेखाशीर्ष · मंगळवार, सकाळी ८:२०

नाही. राज्यघटनेच्या कलम २०३ प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय कोणतीही मागणी सभागृहात मांडता येत नाही, म्हणजे खर्च सुचवण्याचा अधिकार सरकारचाच. विधानसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. प्रभारित खर्चावर (राज्यघटनेनेच निधीवर टाकलेला खर्च, उदा. कर्जावरचे व्याज) तर मतदानही होत नाही, फक्त चर्चा होते. मागण्या मंजूर झाल्यावर कलम २०४ खाली विनियोजन विधेयक येते, त्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. वर्षाच्या मध्ये कमी पडले तर कलम २०५ खाली पुरवणी मागणी येते.

म्हणून 'वाढवा' हे आमदाराचे हत्यार नाही. त्याचे हत्यार आहे कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असे सुचवणारा प्रस्ताव.

सांगेकर · मंगळवार, सकाळी ११:०५

कपात सूचनांनी आजवर काय साधले? दर अधिवेशनात विरोधक डझनांनी देतात, सगळ्या एकत्र मतास टाकल्या जातात, आवाजी मतदानाने फेटाळल्या जातात. बहुमत असलेल्या सरकारपुढे ती औपचारिकता आहे. तेवढा वेळ तारांकित प्रश्नांवर घालवलेला बरा.

पर्वरी_पायवाट · मंगळवार, दुपारी १:१८

सांगेकर बाब, मतदानाचा निकाल ठरलेला असतो हे खरे. पण कपात सूचनेचे मोल मतदानात नाही. तिचे तीन प्रकार आहेत. मागणी १ रुपयाने कमी करा, हा धोरणाला विरोध. ठरावीक रकमेने कमी करा, ही काटकसरीची सूचना. १०० रुपयांनी कमी करा, ही एका विशिष्ट तक्रारीकडे लक्ष वेधणारी सूचना. शाळांच्या कामासाठी तिसरी सर्वांत उपयोगी. तिच्यात एकच तक्रार, एकच शीर्ष, आणि तो मजकूर कामकाजाच्या छापील नोंदीत जातो. मंत्री चर्चेला उत्तर देताना त्या मुद्द्यावर काही बोलले तर ते वाक्य पुढे आश्वासन म्हणून पकडता येते. ज्यावर सूचनाच नाही त्यावर मंत्र्यांनी काही बोलले पाहिजे असे बंधन नाही.

चूक कुठे होते? एकाच सूचनेत 'शिक्षक भरती, इमारती, माध्यान्ह आहार आणि माध्यमाचे धोरण यांतील अपयश' असे लिहिले जाते. अशा सूचनेला उत्तर देणे सर्वांत सोपे, कारण चारांपैकी सोयीचा एक मुद्दा उचलायचा आणि बाकी सोडायचे.

सांगेकर · मंगळवार, दुपारी २:४०

एक तक्रार, एक सूचना, हे मान्य. तरीही माझा भर प्रश्नांवरच राहील. त्यातही तारांकित आणि अतारांकित यांची गल्लत होते ती टाळा. तक्ता हवा असेल, तालुकावार, शाळावार, तारीखवार, तर अतारांकित द्यावा. लेखी उत्तर येते, सोबत परिशिष्ट येते आणि ते कायमचे कागदावर राहते. मंत्र्यांकडून शब्द हवा असेल तर तारांकित, कारण तिथे उभे राहून पूरक प्रश्न विचारता येतात. उत्तम पद्धत अशी की एका अधिवेशनात अतारांकिताने तक्ता मिळवायचा आणि त्या तक्त्यातला विसंगत आकडा पुढच्या अधिवेशनात तारांकिताने समोर ठेवायचा.

पूरक प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती खात्याचाच जुना कागद असला की उत्तर टाळणे अवघड जाते. विधानसभेच्या संकेतस्थळावर जुनी उत्तरे असतात. ती शोधून, क्रमांकासकट कागद काढून आमदारांना द्या. हे काम पालक संघ सहज करू शकतो.

मुरगाव_बंदर · मंगळवार, रात्री ८:५५

शीर्षे कळली तरी अर्धेच काम झाले. वर्ष संपल्यावर कॅगचे (नियंत्रक व महालेखापरीक्षक) विनियोजन लेखे, म्हणजे मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा ताळा, येतात आणि कलम १५१ प्रमाणे विधानसभेच्या पटलावर ठेवले जातात. तिथे प्रत्येक उपशीर्षासमोर तीन अक्षरांच्या ओळी असतात. ओ म्हणजे मूळ तरतूद, एस म्हणजे पुरवणी, आर म्हणजे पुनर्विनियोजन. त्यांच्यासमोर एकूण अनुदान, प्रत्यक्ष खर्च आणि शिल्लक किंवा जादा.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. ओ १० कोटी, एस २ कोटी, आर उणे ३ कोटी. एकूण ९ कोटी. खर्च ८.५ कोटी. शेवटच्या रकान्यात शिल्लक दिसते फक्त ५० लाख, आणि वाचणारा म्हणतो, छान, पैसा वापरला. प्रत्यक्षात सभागृहाने १२ कोटी मंजूर केले होते आणि त्यातले साडेतीन कोटी त्या कामावर लागलेच नाहीत. ३ कोटी वर्षाच्या शेवटी दुसरीकडे वळवले किंवा परत केले. शिवाय खर्च मूळ १० कोटींच्याही आत राहिला, म्हणजे २ कोटींची पुरवणी मागणीच अनावश्यक होती. हे सगळे एका ओळीत दिसते, पण आर कडे पाहिले तरच.

पुनर्विनियोजन बेकायदा नाही. एकाच मागणीच्या आत सरकार एका शीर्षातून दुसऱ्यात पैसा हलवू शकते, त्यासाठी सभागृहाकडे यावे लागत नाही. महसुलीतून भांडवलीत, मतदानाच्या खर्चातून प्रभारितात, किंवा एका मागणीतून दुसऱ्या मागणीत मात्र हलवता येत नाही. म्हणजे माध्यमिकसाठी मंजूर केलेला पैसा प्राथमिकात गेला तर तो त्याच मागणीच्या आतला व्यवहार, आमदारांना कळण्याची एकमेव जागा म्हणजे हे लेखे. त्याखालचा शेराही वाचा. 'बचतीची कारणे कळवलेली नाहीत' असे वाक्य असेल तर तो तयार प्रश्न आहे. खात्याने महालेखापालांना कारण का दिले नाही, एवढेच विचारायचे.

नार्वे_डिचोली · बुधवार, सकाळी ६:५०

इमारतींबद्दल जोडतो. गोव्यात शाळांच्या बऱ्याच मोठ्या इमारती सरकारच्या साधनसुविधा विकास महामंडळामार्फत होतात. अशा व्यवस्थेत खात्याने महामंडळाकडे पैसा दिला की सरकारी लेख्यात तो खर्च म्हणून नोंदला जाऊ शकतो, जागेवर पाया खणलेला नसला तरी. त्यामुळे 'खर्च किती?' या प्रश्नाचे उत्तर खरे असूनही दिशाभूल करते. विचारायचे ते असे : प्रशासकीय मंजुरीची तारीख, निविदेची तारीख, कार्यादेशाची तारीख, कामाची मूळ मुदत, आजपर्यंत कंत्राटदाराला दिलेली रक्कम आणि महामंडळाकडे पडून असलेली रक्कम. शेवटच्या दोन रकमा वेगळ्या मागितल्या नाहीत तर त्या एकत्रच येतात.

आणि हे प्रकरण पुढे न्यायचे असेल तर लोकलेखा समितीबरोबर सार्वजनिक उपक्रम समितीही लक्षात ठेवा, कारण महामंडळाचे कामकाज तिच्या कक्षेत येते. मार्चअखेर काम न होता रक्कम महामंडळाच्या खात्यात गेली असेल तर ते दोन्ही समित्यांच्या कामाचे.

वाळपई_पालक · बुधवार, सकाळी ९:३०

केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेचा पैसा यात कुठे येतो? लहान शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारले तर ते म्हणतात वर्षाला दहा हजार मिळतात, त्यात सगळे भागवा.

कुळागर · बुधवार, दुपारी १२:१५

दहा हजार बरोबर आहे. समग्र शिक्षा २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र करून सुरू झाली. गोव्यात केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६० : ४०. त्यातले एकत्रित शाळा अनुदान सरकारी शाळांना पटाप्रमाणे मिळते. ३० पर्यंत पटाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. सत्तरी, सांगे, काणकोणमधल्या छोट्या प्राथमिक शाळा पहिल्याच गटात बसतात. वीज, इंटरनेट, खडू, झाडू, पाण्याची टाकी, किरकोळ दुरुस्ती, सगळे त्याच दहा हजारांत. छप्पर त्यात बसत नाही आणि बसवू नये.

या दराचा दोष असा की शाळेचा स्थिर खर्च पटाप्रमाणे घटत नाही. बावीस मुलांच्या शाळेलाही तेवढाच मीटर, तेवढेच कौलारू छप्पर, तेवढीच विहीर. राज्याने स्वतःच्या तरतुदीतून लहान शाळांना वरची भर घालावी अशी मागणी करणारी १०० रुपयांची कपात सूचना इथे चपखल बसते.

पैशाचा मार्गही समजून घ्या. केंद्राचा वाटा राज्याच्या कोषागारात येतो, राज्य आपला वाटा घालते, मग रक्कम योजना राबवणाऱ्या संस्थेच्या खात्याकडे जाते. २०२१ पासून त्यासाठी एकच नोडल खाते ठेवण्याची पद्धत आली. इथेही तोच धोका. राज्याच्या लेख्यात 'खर्च' म्हणजे संस्थेकडे हस्तांतर, शाळेच्या हाती पोचलेली रक्कम नव्हे. म्हणून चार तारखा मागा : केंद्राचा हप्ता राज्यात कधी आला, राज्याचा वाटा कधी पडला, संस्थेकडे कधी गेला, शाळेला कधी मिळाला. जानेवारी-फेब्रुवारीत हाती पडलेले अनुदान मुख्याध्यापक मार्चअखेर संपवतात, कारण शिल्लक दाखवली तर परत जाण्याची भीती. मग पावसाळ्यात लागणाऱ्या वस्तूंऐवजी जे लगेच मिळेल ते घेतले जाते. यात शाळेची चूक नाही, तारखेची आहे.

दरवर्षी केंद्राच्या प्रकल्प मान्यता मंडळाचे इतिवृत्त निघते. गोव्याला कोणत्या कामासाठी किती एकक, किती दराने मंजूर झाले आणि मागच्या वर्षीचे किती काम अपुरे राहिले, हे त्यात राज्यवार असते. आमदारांना देण्यासाठी यापेक्षा चांगला कागद नाही, कारण त्यात राज्याने स्वतः दिलेली माहिती असते. विधानसभेतले उत्तर आणि हे इतिवृत्त शेजारी ठेवून पाहा.

माध्यान्ह आहाराचेही तसेच. १ मे २०२५ पासून साहित्याचा किमान दर प्राथमिकला प्रतिदिन ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकला १०.१७ रुपये, तोही ६० : ४०. गोव्यात स्वयंसहाय्य गट जेवण पुरवतात. गटांच्या बिलाचा प्रश्न विचारताना दर विचारू नका, बिल सादर केल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचे दिवस तालुकावार विचारा. गट उधारीवर कडधान्य आणतो तेव्हा भाजी पातळ होते, हा साधा हिशेब आहे.

सांगेकर · बुधवार, संध्याकाळी ६:०२

शिक्षकांच्या पदांवर कोणी लिहिले नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, त्याची अनुसूची उघडा. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलांना २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. म्हणजे बारा मुलांच्या शाळेलाही दोन. एकशिक्षकी शाळा कायद्याच्या चौकटीत बसत नाही. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र, भाषा यांना किमान एकेक. कलम २६ सांगते की रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर कामाला लावू नये.

विचारताना 'रिक्त पदे किती?' एवढेच लिहिले तर कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक भरलेल्या पदांत मोजून आकडा छोटा करता येतो. मंजूर, नियमित भरलेली, कंत्राटी, तासिका तत्त्वावरील, दुसऱ्या कार्यालयात कामगिरीवर पाठवलेली, असे पाच रकाने तालुकावार मागा. पाचवा रकाना विसरू नका. कागदावर शाळेत असलेला आणि प्रत्यक्षात कचेरीत बसणारा शिक्षक तिथेच सापडतो.

पर्वरी_पायवाट · बुधवार, रात्री ९:२७

आता धोरणाकडे. पैशावरचे लक्ष हे अर्धे काम, कारण गोव्यात मोठे निर्णय अनेकदा पात्रतेच्या अटी बदलून झाले आहेत, रक्कम बदलून नव्हे. १९९०-९१ मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक अनुदान मराठी आणि कोकणी माध्यमाच्या शाळांपुरते ठेवण्याचा निर्णय झाला. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने ते इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही खुले केले, आणि त्यावरून उठलेले भाषा सुरक्षा आंदोलन सगळ्यांना आठवते. कोणाची बाजू कोणती हा वाद इथे नको. मुद्दा असा की 'अशासकीय प्राथमिक शाळांना साहाय्य' हे शीर्ष दोन्ही वेळा तेच राहिले. आकडा पाहणाऱ्याला अनुदानाचा अर्थच बदलल्याचे कळले नसते.

म्हणून राजपत्र वाचावे लागते. गोव्याचा शालेय शिक्षण कायदा १९८४ चा, त्याचे नियम १९८६ चे. अनुदान, मान्यता, शाळांचे वर्ष, सेवाशर्ती यांचा खरा तपशील नियमांत असतो आणि नियम सरकार करते. राजपत्र दर गुरुवारी निघते, नियम आणि अधिनियम मालिका १ मध्ये असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे त्या कायद्याखालचे राज्याचे नियम विधिमंडळापुढे ठेवावेच लागतात. ७ एप्रिल २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू झाले तेव्हा पालकांची चर्चा उन्हाळ्यावर आणि सुटीवर झाली. सभागृहात विचारण्याजोगा प्रश्न वेगळा होता : वर्गात पंखे, पिण्याचे पाणी, एप्रिलमधले बालरथ आणि आहार यांसाठी कोणत्या शीर्षात किती जादा तरतूद केली? वेळापत्रक हलले की खर्चही हलतो, आणि तो कुठे हलला हे दुय्यम विधिविधान समिती (सरकारने केलेले नियम तपासणारी) आणि आमदार या दोघांनीही पाहायला हवे.

शाळांच्या विलीनीकरणालाही हेच लागू. कोणती शाळा बंद झाली यावर बोलले जाते. मुलांच्या वाहतुकीचा खर्च कोणत्या शीर्षातून, किती काळासाठी आणि मोकळ्या इमारतीचा ताबा कोणाकडे, हे विचारले जात नाही.

मुरगाव_बंदर · गुरुवार, सकाळी १०:१०

समित्यांबद्दल थोडक्यात, कारण पाठपुरावा तिथेच होतो.

आश्वासन समिती : मंत्री सभागृहात 'तपासून घेऊ', 'विचाराधीन आहे', 'लवकरच करू' म्हणाले की ते आश्वासन ठरू शकते. पालक संघाने कामकाजाच्या नोंदीतून तारीख आणि नेमके शब्द काढून समितीच्या सदस्य आमदारांना पत्र द्यावे. शब्द जसेच्या तसे हवेत, सारांश चालत नाही.

लोकलेखा समिती : कॅगचा अहवाल तिच्यापुढे जातो आणि खात्याच्या सचिवांना उत्तर द्यावे लागते. अनुदानित संस्थांचे लेखेही कॅगच्या कक्षेत येऊ शकतात. १९७१ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वर्षाला किमान २५ लाख अनुदान आणि ते संस्थेच्या खर्चाच्या किमान ७५ टक्के असले की लेखापरीक्षण होते. वेतन अनुदान धरले तर मध्यम आकाराचे हायस्कूल सहज यात बसते. व्यवस्थापनांनी याला घाबरू नये. उपयोगिता प्रमाणपत्रे वेळेवर दिलेल्या शाळेला हेच लेखापरीक्षण अडलेल्या अनुदानाचा पुरावा देते.

विनंती अर्ज समिती : नागरिकाचा अर्ज आमदारामार्फत सभागृहात जातो. न्यायालयात चालू असलेला विषय चालत नाही.

लेखाशीर्ष · गुरुवार, दुपारी ४:३३

आतापर्यंतच्या चर्चेतून अतारांकित प्रश्नाचा मसुदा केला. दुरुस्त्या सुचवा.

'शिक्षणमंत्री सांगतील काय, (अ) गेल्या पाच वर्षांत २२०२ आणि ४२०२ खाली केलेली तरतूद व खर्च, (ब) राज्यातील सरकारी प्राथमिक शाळांची दुरवस्था सरकारला मान्य आहे काय, (क) रिक्त पदे किती, (ड) समग्र शिक्षा अनुदान शाळांना कधी मिळाले?'

सांगेकर · गुरुवार, संध्याकाळी ५:१५

तीन अडचणी. (अ) मधले जुने आकडे छापील लेख्यांत आहेत. सहज उपलब्ध प्रकाशनात असलेली माहिती विचारली या कारणावरून प्रश्न सचिवालयातच अडू शकतो. (ब) मत विचारतो, असे प्रश्न स्वीकारले जात नाहीत, आणि स्वीकारला तरी उत्तर 'नाही' एवढेच. (क) मध्ये रकाने नाहीत. शिवाय चार विषय एका प्रश्नात आहेत. एका तालुक्यापुरता आणि एकाच विषयावर ठेवा, बाकीचे वेगळे प्रश्न करा. दोन-तीन आमदारांत वाटून दिले तर कोणाचाही कोटा संपत नाही.

नार्वे_डिचोली · गुरुवार, संध्याकाळी ७:४८

आमदारांकडून प्रश्न जाणार नसेल तर वाट पाहत बसू नका. माहिती हक्काचा अर्ज १० रुपये शुल्कात, उत्तराची मुदत ३० दिवस. पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. अधिवेशनाच्या दोन महिने आधी एडीईआय (साहाय्यक जिल्हा शिक्षण निरीक्षक) कार्यालयात अर्ज टाकला तर तालुक्याचा तक्ता आमदारांना प्रश्न देण्याच्या वेळी हाती असतो. 'का' विचारू नका, नोंदवहीची प्रत मागा.

लेखाशीर्ष · गुरुवार, रात्री ९:४०

दुरुस्त मसुदा. सत्तरी तालुका उदाहरणादाखल, आपापल्या तालुक्याचे नाव घालावे.

'शिक्षणमंत्री सांगतील काय :

(अ) सत्तरी तालुक्यातील ३० किंवा त्याहून कमी पट असलेल्या प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेचे नाव, ३१ मार्च रोजी संपलेल्या आर्थिक वर्षात तिला मिळालेले एकत्रित शाळा अनुदान आणि ते शाळेच्या खात्यात जमा झाल्याची तारीख;

(ब) त्याच वर्षात केंद्राचा प्रत्येक हप्ता राज्याला मिळाल्याची, राज्याचा वाटा वितरित झाल्याची आणि दोन्ही रकमा योजना राबवणाऱ्या संस्थेकडे गेल्याची तारीख;

(क) वरील शाळांपैकी छप्पर, स्वच्छतागृह किंवा पिण्याच्या पाण्याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव ज्यांनी पाठवला त्यांची नावे, प्रस्ताव एडीईआय कार्यालयात मिळाल्याची तारीख, तो साबांखाकडे पाठवल्याची तारीख आणि दुरुस्तीच्या खर्चाचे अंदाजपत्रक तयार झाले असल्यास त्याची रक्कम;

(ड) चालू वर्षात ३० जूनपर्यंत यांपैकी किती दुरुस्त्यांचे कार्यादेश निघाले, प्रत्येकाचे लेखाशीर्ष आणि काम पूर्ण करण्याची मुदत?'